टंकयंत्रसदृश कळफलक : सादृश्याच्या मूल्यमापनाचा प्रश्न

संगणकास जोडावयाच्या कळफलकांमध्ये 'टंकयंत्राच्या धर्तीचा' असा एक स्वतंत्र वर्ग गेल्या काही वर्षांत रूढ झाला आहे. गोल कळा, त्यांभोवती चकचकीत कडे, डाव्या बाजूस गाडी परतविण्याच्या दांड्याची प्रतिकृती आणि प्रत्येक आघातागणिक उमटणारा खटका, ही त्याची ओळख. २०१४ साली अमेरिकेत 'किकस्टार्टर'वर लोकवर्गणीने भांडवल उभारून बाजारात आलेला 'क्वर्कीरायटर' हा या वर्गाचा ठळक नमुना होय. अशा वस्तूंविषयीचे अभिप्राय बहुधा दोन टोकांचे असतात. एका पक्षास ती स्मरणरंजनाची महागडी खेळणी वाटतात, तर दुसऱ्यास त्यांत हरवलेले लेखनसुख परत आल्यासारखे वाटते. दोन्ही पक्ष ज्याची चर्चा टाळतात तो प्रश्न असा की, हे सादृश्य नेमके कशाशी आहे? टंकयंत्राच्या रूपाशी, की त्याच्या कार्याशी?

प्रथम रूपाचा विचार करू जाता असे दिसते की, जुन्या टंकयंत्राची कळ गोल होती यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा बांधणीची गरज अधिक होती. अक्षर छापलेली कागदी चकती, तिच्यावर काच किंवा सेल्युलॉइड, आणि हे सारे घट्ट धरून ठेवण्यासाठी भोवती धातूचे कडे, अशी तिची घडण असे. कडे हे बंधन होते, अलंकार नव्हता. एकजीव प्लास्टिकची कळ घडविता येऊ लागली तसे ते गळून पडले आणि टंकयंत्राच्या कळा स्वतःच चौकोनाकडे झुकल्या. म्हणजे आजचा गोल कळफलक टंकयंत्राने स्वतःच मागे टाकलेल्या अवस्थेचे अनुकरण करतो. त्याची किंमत बोटांना मोजावी लागते, कारण गोल कळांमुळे स्पर्शास मिळणारा पृष्ठभाग घटतो आणि दोन कळांमधील रिकामी जागा वाढते.

दांड्याची गोष्ट याहून बोलकी आहे. टंकयंत्रावर डाव्या हाताने तो लोटला की कागद एक ओळ वर सरके आणि गाडी पुन्हा ओळीच्या आरंभाशी येई. गाडीला ओढणारी कमानही त्याच हालचालीत ताणली जाई. ओळ संपत आल्याची सूचना देणारी घंटा आधी वाजलेली असे. ओळ ही तेथे वस्तुस्थिती होती. संगणकावर ओळ आपोआप मोडते, त्यामुळे हाच दांडा आता फार तर परिच्छेद बदलतो. ज्या कामासाठी उजव्या करंगळीशी कळ आहेच, त्यासाठी डावा हात उचलून दूर न्यावयाचा, एवढेच या प्रतिकृतीने साधते. टंकयंत्राची खरी वारसाखूण याहून निराळी असून ती कोणत्याही जाहिरातीत सांगितली जात नाही. शोल्सचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विक्रीस काढले तेव्हापासून कळांच्या ओळी एकमेकींच्या बरोबर खाली नसून किंचित तिरक्या सरकलेल्या आहेत. प्रत्येक कळेच्या तरफेस दुसऱ्या तरफांमधून वाट मिळावी म्हणून ती योजना झाली. तरफा केव्हाच गेल्या. तिरकस मांडणी मात्र अगदी स्वस्तातल्या कळफलकावरही टिकून आहे.

आता कार्याकडे वळावे. टंकयंत्रावर कळ दाबली की खिळा कागदावर आदळे, आणि तो आवाज म्हणजेच अक्षर उमटल्याची वार्ता असे. स्पर्श, ध्वनी आणि फल हे तिन्ही एकाच घटनेचे भाग होते. संगणकाच्या कळेखाली असे काही घडत नाही. तेथे केवळ एक विद्युत्संकेत जातो. म्हणून या कळेने बोटाला जे सांगितले ते खरे आहे काय, हीच येथे मुख्य कसोटी ठरते. आय.बी.एम. कंपनीच्या १९८५ पासूनच्या 'मॉडेल एम' या कळफलकाचे स्थान या कसोटीवर फार वरचे आहे. त्याच्या प्रत्येक कळेखाली एक सर्पिल कमान उभी असते. एका मर्यादेपर्यंत ती दबते, मग एकाएकी बाजूला वाकते. तिच्या पायाशी असलेली लहान हातोडी त्या वाकण्यानेच कलते आणि संकेत जातो. हाताला जाणवलेली ढील, कानाला ऐकू आलेला खटका आणि संगणकाला मिळालेला संकेत यांचे कारण एकच. हा कळफलक दिसावयास करडा, बोजड आणि दीड-दोन किलो वजनाचा असून त्यावर ना कडे ना दांडा. तरीही टंकयंत्राचा कार्यधर्म त्याच्यात अधिक उतरला आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

आजच्या टंकयंत्रसदृश कळफलकांत बहुधा 'चेरी एमएक्स ब्लू' जातीची किंवा तिच्या वळणाची कळ असते. चार मिलिमीटरच्या प्रवासात सुमारे २.२ मिलिमीटरवर ती संकेत देते आणि आतील दुहेरी सरक्याचा खालचा भाग निसटून त्याच सुमारास खटका होतो. उतरतीच्या प्रवासात ही कळ बऱ्याच अंशी खरी बोलते. तिचे न्यून परतीच्या प्रवासात आहे: पुन्हा सज्ज होण्यासाठी तिला संकेतबिंदूच्या बरेच वर यावे लागते, आणि ती सज्ज झाल्याचा निर्वाळा बोटाला मिळत नाही. एकच अक्षर लागोपाठ दोनदा लिहिताना हे न्यून जाणवते.

येथे लिपीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि या कळफलकांच्या इंग्रजी परीक्षणांत तो येण्याचे कारणच नाही. रोमन लिपीत द्वित्त म्हणजे त्याच कळेवर दोन आघात. मराठीत 'पत्ता' लिहिताना दोन त-कारांच्या मध्ये हलन्ताची कळ येते. बोट मध्यंतरी दुसरीकडे जाते आणि पहिल्या कळेला वर येण्यास अवसर मिळतो. 'ममता' किंवा 'ननंद' यांसारखे शब्द अपवादानेच येतात. तेव्हा या कळेचा जो दोष रोमन टंकलेखकास बोचतो तो मराठी लेखकास फारसा जाणवू नये.

तिचा गुण मात्र मराठीत अधिक मोलाचा ठरतो. देवनागरी टंकयंत्रावर अक्षर तुकड्यातुकड्याने जुळविले जाई. ख, ध, भ यांची अर्धी रूपे उमटवून त्यांस काना जोडावयाचा, ऱ्हस्व वेलांटी आधी आणि व्यंजन नंतर, असा तो क्रम होता. जितके आघात तितक्या खुणा कागदावर दिसत. संगणकावर हा हिशेब मोडला. 'राष्ट्र' या शब्दास र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे सात आघात लागतात. त्यांतील हलन्ताची खूण दिसली तरी क्षणभरच, पुढचे व्यंजन येताच ती जोडाक्षरात लुप्त होते. व्यंजनानंतर दाबलेली ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर व्यंजनाच्या आधी जाऊन बसते. डोळ्याला आघात मोजता येत नाहीत, ते बोटानेच मोजावे लागतात. म्हणून दाबल्याची निःसंदिग्ध ग्वाही देणारी कळ ही मराठी लेखकाच्या दृष्टीने चैन नसून रोमन लेखकाच्या मानाने अधिक निकडीची वस्तू आहे.

अर्थात टंकयंत्राची बरोबरी येथेही पुरती होत नाही. त्यावरील काही मात्रांच्या कळा, ज्यांना टंकलेखक 'डेड की' म्हणत, आघात करीत पण गाडी पुढे सरकवीत नसत. गाडीची ती न झालेली हालचाल हाताला आणि कानाला कळत असे. मात्रेचा आघात आणि अक्षराचा आघात यांतील भेद यंत्राच्या अंगातच होता. आजच्या कोणत्याही कळफलकावर हलन्ताची कळ आणि क-काराची कळ यांचा स्पर्श एकच असतो. खटका कितीही सुरेख असला तरी तो हा भेद सांगू शकत नाही.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रथम मानक म्हणून पुढे आणलेल्या 'इन्स्क्रिप्ट' मांडणीच्या संदर्भात कळेच्या जडपणाचाही विचार व्हावयास हवा. या मांडणीत स्वर व मात्रा डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे आहेत. च, ट, ज, ड आणि य ही पाच व्यंजने उजव्या करंगळीच्या वाट्यास येतात. 'च्या' हा प्रत्यय मराठीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात डोकावतो, आणि त्यातील दोन्ही व्यंजने या सर्वांत दुबळ्या बोटाने दाबावयाची असतात. 'ब्लू' कळेला सुमारे साठ ग्रॅमचा दाब लागतो. 'मॉडेल एम'च्या कमानीला त्याहून काहीसा अधिक. म्हणजे जो कळफलक सत्यतेच्या कसोटीवर सरस ठरला तोच दिवसभराच्या मराठी लेखनात करंगळीला अधिक शिणवील. याच कारणास्तव आकार आटोपशीर ठेवण्यासाठी उजव्या कडेच्या विरामचिन्हांच्या कळा बारीक केलेले कळफलक मराठीसाठी निषिद्ध मानावेत; तेथे विरामचिन्हे नव्हेत, व्यंजने वसतात.

किमतीचे समर्थन टिकाऊपणाने होते. 'मॉडेल एम'च्या कळांवरील अक्षरे प्लास्टिकमध्ये मुरविलेली असल्यामुळे वर्षानुवर्षे झिजत नाहीत. १९९६ पासून लेक्सिंग्टन येथील 'युनिकॉम्प' ही संस्था त्याच घडणीचे कळफलक बनवीत आली आहे. त्याचेही एक मर्मस्थान आहे: आतील थर एकत्र धरणारे प्लास्टिकचे रिव्हेट कालांतराने तुटतात, आणि मग त्यांच्या जागी स्क्रू बसवावे लागतात. पण तशी दुरुस्ती शक्य आहे, ही त्याची जमेची बाजू. सामान्य कळफलकाच्या कितीतरी पट मोल मागणाऱ्या गोल कळांच्या नमुन्यांत त्या मोलाचा मोठा वाटा कड्यांवर आणि दांड्यावर खर्च झालेला असतो. त्या कड्यांत बसविलेली अक्षरेही सर्वसाधारणपणे रोमनच असतात.

मराठी टंकयंत्राशी ज्याचा हात खरोखर परिचित आहे, त्याची गरज निराळीच आहे. गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये सुरू झालेले आपले टंकयंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबविले. परंतु त्या यंत्रांवर तयार झालेल्या टंकलेखकांच्या हाती जो रेमिंग्टन क्रम मुरला होता, तो संगणकावर एक पर्यायी मांडणी म्हणून उपलब्ध आहे. तीत वेलांटी आजही व्यंजनाच्या आधीच दाबावयाची असते आणि तिला योग्य स्थळी नेण्याचे काम आज्ञावली करते. या सादृश्यासाठी गोल कळा लागत नाहीत. रबरी पडद्याचा, दोन-चारशे रुपयांचा कळफलकही त्याला पुरतो.