‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ : नदीवरील ममत्व, मालकी आणि वाट

प्रस्तावना

नॉर्मन मॅक्लीन (१९०२–१९९०) यांची ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ ही लघुकादंबरी अन्य दोन कथांसह १९७६ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. या संस्थेने प्रकाशित केलेले हे पहिलेच स्वतंत्र ललित पुस्तक होय. इंग्रजी साहित्याच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यानंतर, वयाची सत्तरी ओलांडल्यावर मॅक्लीन यांनी ते लिहिले. १९७७ च्या पुलित्झर पुरस्कारासाठी परीक्षकांनी त्याची शिफारस केली होती. परंतु पुरस्कार मंडळाने त्या वर्षी ललित साहित्याचा पुरस्कार कोणालाच दिला नाही. तरीही अमेरिकन पश्चिमेच्या साहित्यात या कृतीचे स्थान पुढे पक्के झाले.

या लघुकादंबरीचे वाचन प्रामुख्याने शोकात्म कुटुंबकथा म्हणून झाले आहे. प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक असलेले वडील, संयमी थोरला भाऊ आणि प्रतिभावान परंतु स्वतःच्या नाशाकडे ओढला जाणारा धाकटा भाऊ पॉल यांचे परस्परसंबंध, मोंटाना राज्यातील बिग ब्लॅकफूट नदीवरील मासेमारीच्या आधारे येथे उलगडत जातात. हे वाचन योग्यच आहे. पण ते अपुरेही आहे. नदी कोणाची, तिच्या काठी कोणी यावे आणि तेथपर्यंत कोणाच्या जमिनीतून जावे, हे प्रश्न संहितेच्या पोटात आहेत. या प्रश्नांची संहितेने दिलेली आणि न दिलेली उत्तरे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्यासाठी त्याच नदीकाठच्या कुरणभूमीच्या संवर्धनाचा आणि तेथील सार्वजनिक प्रवेशाचा इतिहास संहितेशेजारी ठेवून पाहिला आहे.

‘आमची नदी’ : ममत्वाचे स्वरूप

निवेदक बिग ब्लॅकफूटला कुटुंबाची नदी मानतो. ती आता शहरी पाहुण्यांची सोय करणाऱ्या ‘ड्यूड रँच’, ग्रेट फॉल्स शहरातील सरसकट सर्व रहिवासी आणि कॅलिफोर्नियाहून येणारे परके यांच्या हाती जात आहे, हे तो नाखुशीने मान्य करतो. या परक्यांसाठी तो आक्रमकांची उपमा योजतो. उल्लेखाचा सूर विनोदी आहे, म्हणून वाचक त्यावरून सहज पुढे सरकतो. मात्र हा विनोद निरुपद्रवी नाही. नदीवर कुटुंबाचा कोणताही कायदेशीर हक्क नसताना ती इतरांच्या स्वाधीन करण्याची भाषा येथे वापरली आहे. ज्याची मालकी नाही, त्याचा त्याग करता येत नाही. निवेदकाच्या मनात दुसऱ्या प्रकारची मालकी गृहीत असल्याखेरीज हे वाक्य संभवत नाही.

ही मालकी शिस्तीतून आलेली आहे. वडील मुलांना कृत्रिम माशी गळाला लावून मासा पकडण्याची कला, म्हणजे ‘फ्लाय-फिशिंग’, शिकवतात, तेव्हा तालमापक यंत्राच्या ठोक्यांवर चार मात्रांत दोरी फेकण्याचा सराव करून घेतात. या घरात धर्म आणि मासेमारी यांच्यामध्ये स्पष्ट सीमारेषा नाही. कौशल्य कष्टाने येते आणि कृपा कौशल्यातून प्रकटते, ही त्या घराची श्रद्धा आहे. ज्याने नदीसाठी असे कष्ट घेतले, त्याचीच ती नदी, हा निष्कर्ष संहितेत कोठेही उच्चारलेला नाही. तरी निवेदनाचा एकूण कल त्याच दिशेने आहे.

पात्रतेचा प्रश्न

या कलाचा सर्वांत स्पष्ट पुरावा नील या पात्राच्या चित्रणात सापडतो. निवेदकाच्या पत्नीचा हा भाऊ कॅलिफोर्नियाहून येतो. कॉफीच्या डब्यात गांडुळे घेऊन तो मासेमारीला निघतो, नदीत थंड करायला ठेवलेली बिअर संपवतो आणि वाळूच्या पट्ट्यावर उघड्या अंगाने झोपून उन्हाने भाजून निघतो. प्रसंग हास्यकारक आहे. पण हसण्याच्या ओघात वाचक न कळत एका निवाड्यात सामील होतो : अशा माणसाला नदीवर येण्याचा अधिकार नाही. सार्वजनिक विहाराविषयी जमीनमालक करीत असलेली तक्रार, म्हणजे येणाऱ्यांना रीतभात नसते ही तक्रार, येथे ललित रूपात अवतरते.

तथापि मॅक्लीन यांच्या कलेचे मोठेपण असे, की संहिता स्वतःच हा निवाडा डळमळीत करते. नदीचा सर्वांत निष्णात उपासक पॉल आहे. नदीवर त्याच्या हातून चूक होत नाही आणि नदीबाहेर त्याचे काहीच सावरत नाही. अखेर मारहाणीत त्याचा अंत होतो. नदीवरील पात्रता माणसाला वाचवीत नाही, तसेच नदीवरील अपात्रता त्याला मदतीच्या हक्कापासून वंचित करीत नाही. नील आणि पॉल या दोघांनाही मदत हवी आहे, आणि दोघांनाही ती कशी द्यावी हे कुटुंबाला उमगत नाही. संपूर्ण आकलन नसतानाही संपूर्ण प्रेम करता येते, हे निवेदकाने वडिलांपाशी काढलेले आणि वडिलांनी मान्य केलेले उद्गार या संदर्भात पाहिले, तर आकलन आणि प्रेम या दोहोंत मालकीचा समावेश नाही हे लक्षात येते. ‘आमची नदी’ हा दावा संहितेच्या आरंभी जितका भक्कम वाटतो, तितका शेवटी उरत नाही. अखेरीस वृद्ध निवेदक नदीवर एकटा आहे आणि नदीवर हक्क सांगणारे त्याचे कुटुंब काळाच्या पडद्याआड गेले आहे.

नदीपर्यंतची वाट

संहितेत एक गोष्ट जवळजवळ अदृश्य आहे. पात्रे मोटारीतून नदीकडे जातात, उतरतात आणि मासेमारी सुरू करतात. मधली जमीन कोणाची, हा प्रश्न कथानकाला अडवीत नाही. कथेचा काळ १९३७ च्या आसपासचा आहे. लोकवस्ती विरळ होती आणि ओळखीपाळखीवर वाट मिळत असे. पुस्तक प्रसिद्ध झाले त्या १९७० च्या दशकात मात्र ही स्थिती पालटलेली होती. ब्लॅकफूट खोऱ्यात गुरे पाळणाऱ्या रँचमालकांच्या कुरणांतून मासेमार आणि नौकाविहार करणारे वाढत्या संख्येने जाऊ लागले होते. दुसरीकडे, नदीकाठच्या जमिनींचे तुकडे पाडून सुटीतील घरे बांधण्याचा दबावही वाढत होता.

या पार्श्वभूमीवर एक योगायोग लक्षणीय ठरतो. पुस्तक ज्या वर्षी प्रकाशित झाले, त्याच १९७६ साली मोंटाना राज्यातील पहिला संवर्धन-सुविधाधिकार याच नदीकाठच्या जमिनीवर निर्माण झाला. ‘सुविधाधिकार’ ही संज्ञा भारतीय वाचकाला १८८२ च्या अधिनियमामुळे परिचित आहे. तेथे तिचा सामान्य अर्थ दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी वा उजेड मिळण्याचा हक्क असा होतो. अमेरिकेतील संवर्धन-सुविधाधिकाराचे स्वरूप वेगळे आहे. त्यात मालक जमिनीची मालकी आणि गुरेचराईचा व्यवसाय स्वतःकडे ठेवतो. जमिनीचे तुकडे पाडण्याचा व तीवर बांधकाम करण्याचा हक्क मात्र सोडून देतो. हा करार पुढील मालकांवरही बंधनकारक असतो. परंतु त्यामुळे जनतेला त्या जमिनीत प्रवेश मिळतोच असे नाही. येथे संवर्धन आणि प्रवेश हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन मार्गांनी शोधले गेले. पहिला मार्ग कायद्याचा. राज्यातील सर्व पाणी जनतेच्या उपयोगासाठी राज्याच्या मालकीचे आहे, असे मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेने मानले. डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या नद्यांसंबंधीच्या दोन खटल्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये जनतेचा जलविहाराचा हक्क मान्य केला. १९८५ च्या प्रवाह-प्रवेश कायद्याने नदीपात्रात, नेहमीच्या उच्च जलरेषेपर्यंत, वावरण्याची मुभा दिली. पण पात्रापर्यंत पोहोचण्यासाठी खासगी जमीन ओलांडण्याचा हक्क या कायद्यात नाही. सार्वजनिक पूल, सरकारी घाट किंवा मालकाची संमती यांवाचून पात्रातील हक्क कागदावरच राहतो.

दुसरा मार्ग सहमतीचा. कायदा होण्याआधीच, १९७० च्या दशकात, ब्लॅकफूटच्या सुमारे ३० मैलांच्या टप्प्यात जमीनमालक आणि शासकीय यंत्रणा यांनी विहारपट्टा निर्माण केला. मालकांनी काठालगतची अरुंद पट्टी लोकांसाठी खुली केली आणि शासनाने देखरेखीची जबाबदारी घेतली. लोकांना कोठे उतरावे हे ठाऊक झाले, तर मालकांना कुंपण तुटण्याची आणि फाटक उघडे राहण्याची चिंता एकट्याने वाहावी लागली नाही. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लॅकफूट चॅलेंज’ या संस्थेने हीच पद्धत खोऱ्यातील पाणी, तण, वन्यजीव इत्यादी प्रश्नांना लावली.

याच ग्रंथातील दुसऱ्या कथेचा येथे उल्लेख आवश्यक आहे. ती ब्लॅकफूट नदीवरील अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या लाकूडतोड छावणीत सुरू होते. मुख्य कृतीतील पवित्र वाटणारी नदी ही त्याच काळात उद्योगाचीही नदी होती, याची साक्ष खुद्द लेखकाने दिली आहे. कंपनीची वनजमीन पुढे चॅम्पियन आणि त्यानंतर प्लम क्रीक या लाकूड-उद्योगांकडे गेली. २००३ पासून ‘द नेचर कन्झर्व्हन्सी’ आणि ‘ब्लॅकफूट चॅलेंज’ यांच्या प्रकल्पातून प्लम क्रीककडील सुमारे ८९,००० एकर जमीन टप्प्याटप्प्याने विकत घेतली गेली. तिच्यापैकी ५,६०० एकरांहून थोडी अधिक जमीन संस्थेने स्वतःच्या मालकीत ठेवून तिचे व्यवस्थापन स्थानिक समुदायामार्फत चालविले. चराई, वनसंगोपन आणि लोकांचा वावर यांना तेथे एकत्र स्थान मिळाले.

चित्रपट आणि गर्दी

रॉबर्ट रेडफोर्ड यांनी १९९२ मध्ये या कृतीवर चित्रपट काढला. त्याच्या छायालेखनाला ऑस्कर पुरस्कार मिळाला. मात्र पडद्यावरील नदी बहुतांशी ब्लॅकफूट नाही; चित्रीकरण गॅलटिन, यलोस्टोन आणि बोल्डर या नद्यांवर झाले. खाणकाम व लाकूडतोड यांमुळे ब्लॅकफूटची झालेली दुरवस्था हे त्याचे एक कारण सांगितले जाते. नदीच्या उगमाकडील माइक हॉर्स खाणीचा गाळ अडविणारा बांध १९७५ मध्ये फुटला होता, आणि क्लार्क फोर्कशी होणाऱ्या संगमाजवळचे मिलटाउन धरण २००८ पर्यंत उभे होते. ज्या नदीचे गुणगान लोकांनी पाहिले, ती नदी गुणगानाच्या वेळी आजारी होती.

चित्रपटानंतर फ्लाय-फिशिंगची लोकप्रियता वाढली. ज्यांच्या आगमनाविषयी निवेदकाने नाखुशी व्यक्त केली, त्यांना आमंत्रण पोहोचले ते त्याच्याच कथेतून. येथे केवळ उपरोध पाहणे पुरेसे नाही. नदीविषयी जनतेत आस्था नसेल, तर कुरणभूमी वाचविण्यासाठी निधी आणि राजकीय पाठबळ मिळत नाही. आणि आस्था असणारे लोक नदीवर आले, की काठावर ताण पडतो. साहित्य या चक्राच्या बाहेर नाही.

अनुल्लेखित वाटसरू

संहितेतील ‘कुटुंबाची नदी’ या कल्पनेला आणखी एक मर्यादा आहे. १८०६ मध्ये मेरिवेदर लुईस या खोऱ्यातून गेला, तेव्हा त्याने या नदीचे जे स्थानिक नाव नोंदविले, त्याचा अर्थ ‘गव्यांच्या प्रदेशाकडे जाणारी वाट’ असा होतो. नदीचे नोंदलेले जुने नावच मालकीचे नसून वाटेचे आहे. १८५५ च्या हेलगेट तहाने सेलिश, पँड डी’ओरे आणि कूटनाय लोकांनी विस्तीर्ण भूभाग सोडला. परंतु नेहमीच्या ठिकाणी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. लघुकादंबरीत शायेन वंशाची एक स्त्री येते, ती पॉलच्या शहरी रात्रींच्या संदर्भात. मूलनिवासी समाजाला नदीकाठी स्थान नाही. निवेदकाला नंतर येणारे परके दिसतात, आधीचे वाटसरू दिसत नाहीत. सहमतीच्या कोणत्याही प्रयोगाची परीक्षा करतानाही हीच कसोटी लावावी लागेल, कारण करार बहुधा आज सातबारावर ज्यांचे नाव आहे अशांशीच होतो.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ मध्ये नदीवरील ममत्व अत्यंत समर्थपणे व्यक्त झाले आहे, आणि त्या ममत्वात इतरांना वगळण्याची प्रवृत्तीही आहे. दुसरी, संहितेची शोकात्मिका त्या प्रवृत्तीला पुरून उरते. पॉलच्या अंतानंतर नदीवरील कोणताही विशेषाधिकार अर्थपूर्ण राहत नाही. तिसरी, कथेने वगळलेली वाट प्रत्यक्षात कायदा, करार आणि शेजारधर्म यांच्या मिश्रणातून घडवावी लागली. त्यांपैकी एकट्या कायद्यावर विसंबल्यास पात्र खुले आणि काठ बंद अशी स्थिती होते. केवळ संमतीवर विसंबल्यास नवा मालक येताच वाट बंद होण्याचा धोका उरतो.

ब्लॅकफूटचा अनुभव निर्दोष नाही. पण मालकी, वापर आणि प्रवेश यांची गाठ सोडवून प्रत्येकाची स्वतंत्र व्यवस्था लावता येते, हे त्याने दाखविले. मॅक्लीन यांची कृती ही व्यवस्था सांगत नाही, आणि ते तिचे कामही नाही. ज्या गोष्टीवर आपली सत्ता नाही, तिच्यावर निष्ठेने प्रेम कसे करावे, हे ती सांगते. रँचमालकाने आपल्या जमिनीतून परक्याला जाऊ देण्यासाठी आणि परक्याने जाताना फाटक लावून घेण्यासाठी नेमकी हीच वृत्ती आवश्यक असते. या कृतीचे सामाजिक मोल नदीच्या स्तुतीपेक्षा या शिकवणीत अधिक आहे.