नजाशीचा दरबार आणि वर्गातील नाट्यीकरण

इस्लामी इतिहास लहान मुलांना नाट्यीकरणाने शिकवायचा म्हटला की पहिला प्रश्न येतो तो आदराचा. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची भूमिका कोणी करायची नाही, याविषयी दुमत नाही. सहाबांच्या भूमिकेबाबतही बहुतेक उलमा नापसंतीच दर्शवितात. मुस्तफा अक्काद यांच्या १९७६ च्या ‘द मेसेज’मध्ये पैगंबर दिसत नाहीत, त्यांचा आवाजही नाही, हजरत हमजा (रजि.) मात्र पडद्यावर आहेत आणि त्याला अनेकांनी हरकत घेतली.

पण आदराचा प्रश्न सुटला म्हणजे इतिहासाचा सुटतो, असे नाही. हबशाचा प्रसंग घ्या. इ. स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळामुळे काही मुसलमानांनी अक्सूमच्या राज्यात आश्रय घेतला. त्यांना परत आणण्यासाठी कुरैशांनी अम्र बिन आस व अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना धाडले. सोबत मक्केच्या कातड्याच्या भेटी होत्या. त्या राजाआधी दरबारातील धर्मगुरूंना पोचल्या. हजरत जाफर (रजि.) यांनी बाजू मांडली, सूरह मरयमचा आरंभ पढला आणि नजाशीने आश्रितांना सोपविण्यास नकार दिला.

संमेलनात हा प्रसंग बसविताना अम्र हमखास खलनायक होतात. हेच अम्र (रजि.) पुढे मुसलमान झाले, इजिप्तचे विजेते ठरले. चौथीत ज्याला मुलांनी हुसकावून लावले, त्याच्याविषयी सातवीत अध्यापक काय सांगणार?

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये ही हकीकत हजरत उम्म सलमा (रजि.) यांच्याकडून येते. त्या स्वतः हबशात होत्या. नाटुकल्यात मात्र मुली भेटींची तबके धरून मागे उभ्या! जिच्यामुळे प्रसंग कळला, तीच गाळली जाते.

म्हणून मुलांनी सहाबा होऊ नये, रावी व्हावे. एकाने सांगावे, दुसऱ्याने विचारावे, ‘तुम्हांला हे कोणाकडून कळले?’ सनदीची ओळख याहून सोपी होणार नाही. अभिनयाची हौस असेल तर भेट घेऊन बसलेला धर्मगुरू आहेच. राजासमोर आता तो काय बोलेल? अरबीतले बोलणे दरबाराला कोणी समजावले असेल? येथे मुलांना विचार करावाच लागतो.

यातही धोका आहे. धर्मगुरूचे संवाद मुलांनी रचलेले असतात आणि वर्षभराने तेच त्यांना इतिहास म्हणून आठवतात. तेव्हा तास संपण्यापूर्वी फळ्याच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला रिवायतीतले व दुसऱ्या बाजूला वर्गाने जोडलेले मुलांकडूनच लिहून घ्यावे. त्यासाठी संवाद दोन कमी करावे लागले तरी चालतील.