तेरा उन्हाळ्यांचं नशीब

वेर्नर हेरझॉगचा ‘ग्रिझली मॅन’ (२००५) हा माहितीपट बघताना टिमथी ट्रेडवेलचा राग येतो, मायाही वाटते. अलास्कातल्या कॅटमाईत त्याने अस्वलांमध्ये तेरा उन्हाळे काढले. ऑक्टोबर २००३मध्ये अस्वलानेच त्याला आणि सोबतच्या एमी ह्युगनार्डला मारलं. हेरझॉग यातून निसर्गाच्या बेपर्वाईचं तत्त्वज्ञान काढतो. मला मात्र साध्या गोष्टी खटकत राहिल्या: तंबू अस्वलांच्या वाटांजवळ, हाताशी ना बेअर स्प्रे, ना भोवती विजेचं कुंपण. इतकी वर्षं काही झालं नाही, ते नशीब होतं; तो त्याला मैत्री समजला. त्या गैरसमजापायी एमी गेली आणि नंतर दोन अस्वलांनाही गोळ्या घातल्या गेल्या. सिनेमात एमी जेमतेम दिसते. मला तिचा सिनेमा बघायचा होता.