ओझोनचे विवर आणि बदनाम झालेला संगणक

विज्ञानातील काही गोष्टी इतक्या वेळा सांगून झालेल्या असतात, की त्या तपासून पाहाव्यात असे कोणाच्या मनातही येत नाही. अंटार्क्टिकावरील ओझोन विवराची गोष्ट त्यांतलीच. व्याख्यानांत, शिक्षकांच्या शिबिरांत आणि लोकप्रिय पुस्तकांत ती साधारण अशी येते : अमेरिकेच्या नासा संस्थेचा निम्बस-७ हा उपग्रह १९७८ पासून साऱ्या पृथ्वीवरचा ओझोन मोजत होता, पण 'फार कमी आकडा आला तर तो चुकीचा समजून फेकून दे' असे संगणकाला आधीच बजावलेले होते. संगणकाने इमानेइतबारे विवरच फेकून दिले! अखेर १९८५ साली बर्फात बसलेल्या तीन ब्रिटिश संशोधकांनी एका जुनाट उपकरणाने ते शोधून काढले. तात्पर्य, यंत्रावर विसंबू नये आणि एकही निरीक्षण टाकू नये.

गोष्ट चटकदार आहे आणि वर्गात चांगली रंगते. आमची तक्रार एवढीच, की ती अशी घडलेली नाही. आणि जे घडले ते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे.

आधी त्या 'जुनाट' उपकरणाविषयी. ऑक्सफर्डच्या डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ओझोन मोजण्याची ही पद्धत विकसित केली. सूर्याच्या अतिनील प्रकाशातील दोन तरंगलांबी निवडायच्या. एक, सुमारे ३०५ नॅनोमीटरची, ओझोन भरपूर शोषून घेतो. दुसरी, सुमारे ३२५ नॅनोमीटरची, तो फारशी शोषत नाही. जमिनीवर पोहोचलेल्या या दोहोंच्या तीव्रतांची तुलना केली की डोक्यावर किती ओझोन आहे ते कळते. हा सगळा ओझोन शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि समुद्रसपाटीवरच्या दाबाला आणला, तर त्याचा जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. त्यालाच ३०० डॉब्सन एकके म्हणतात. पहिल्या पिढीतील एक उपकरण डॉब्सन यांनी त्याच दशकाच्या अखेरीस आपल्या कोडाईकनालला पाठवले होते. अशा उपकरणाला जुनाट म्हणून कौतुक करणे हा त्याचा अपमानच आहे. ते हॅली या केंद्रावर टिकले ते त्याचे पुनःपुन्हा प्रमाणीकरण करता येते म्हणून.

हॅली केंद्रावर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) सुमारास ओझोनच्या नोंदी सुरू झाल्या. त्या घेणारे निरीक्षक दर काही काळाने बदलत. हस्तलिखित नोंदी केंब्रिजला जात आणि तेथे आकडेमोड होई. १९७० च्या दशकात अशा कागदांचा ढीग साचला होता आणि तो संगणकात भरण्याचे काम जोनाथन शँकलिन या तरुणाकडे आले. म्हणजे या बाजूलाही संगणक होताच! ऑक्टोबरची सरासरी पूर्वी ३०० एककांच्या आसपास असे, ती घसरत १९८४ साली २०० च्या आसपास आली. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन यांनी लगेच नगारा वाजवला नाही. मधल्या काळात उपकरणच बदलले. नवे उपकरणही तेच सांगू लागले. मग मे १९८५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा निबंध आला.

आता नासाकडे वळू. उपग्रहावरील उपकरण वातावरणातून परत फिरलेला अतिनील प्रकाश मोजत असे. १८० एककांपेक्षा कमी आकडा आला तर संगणक त्यावर 'शंकास्पद' अशी खूण करी. इतका कमी ओझोन तोवर पृथ्वीवर कोठेही खात्रीने मोजला गेला नव्हता, त्यामुळे या मर्यादेत वावगे काही नव्हते. महत्त्वाचे हे, की खूण करणे म्हणजे फेकून देणे नव्हे. नोंद शाबूत राहत होती. ऑक्टोबर १९८३ च्या नोंदींवर प्रक्रिया होऊन त्या १९८४ च्या मध्यास तपासल्या गेल्या, तेव्हा या खुणा एकाएकी वाढल्याचे संशोधकांच्या नजरेस आले, आणि त्या साऱ्या अंटार्क्टिकावर गोळा झालेल्या होत्या. या गटात पवन भारतिया हे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ होते.

मग त्यांनी जे केले ते कोणताही सावध संशोधक करील. जमिनीवरच्या उपकरणाशी ताळा पाहिला. दक्षिण ध्रुवावरील केंद्राचे डॉब्सन उपकरण त्याच काळात सुमारे ३०० एकके दाखवत होते. साहजिकच शंका उपग्रहावर गेली. पुढे निष्पन्न झाले ते उलट : चूक ध्रुवावरील नोंदींत होती. तरीही भारतियांनी आपल्या निष्कर्षांचा गोषवारा डिसेंबर १९८४ मध्ये पाठवला होता आणि ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग येथील परिषदेत तो मांडला. फार्मन यांचा निबंध त्यापूर्वी तीन महिने निघाला, इतकेच. आणि जपानच्या स्योवा केंद्रावरील चुबाची यांनी १९८२ मधील कमी ओझोनच्या नोंदी १९८४ सालीच ग्रीसमधील परिषदेत मांडल्या होत्या, त्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही. लोकप्रिय कथेत चुबाचींना जागाच नसते. यंत्र विरुद्ध माणूस अशी कुस्ती लावली की तिसऱ्याची अडचण होते.

कथेची खरी हानी पुढे आहे. हॅलीच्या नोंदी एका बिंदूवरच्या होत्या. ओझोनची घट एखाद्या केंद्रापुरती आहे की सबंध खंडावर पसरली आहे, हे त्यांवरून सांगता येणार नव्हते. ते १९८६ साली रिचर्ड स्टोलार्स्की आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवले, तेही १९७९ पासूनच्या. आकडे खरोखर फेकलेले असते तर हे नकाशे कोठून आले असते, हा प्रश्न एखादा चौकस विद्यार्थी विचारील तर कथा तेथेच कोसळते. आणखी एक गंमत : फार्मन यांनी निबंधात घटीचे जे रासायनिक स्पष्टीकरण दिले ते टिकले नाही. अतिथंड स्थितांबरातील ढगांच्या कणांवर क्लोरिनची संयुगे सक्रिय होतात, हे सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली सुचवले, ते पुढे मोजमापांतून खरे ठरले. मापन पक्के असले की स्पष्टीकरण मागाहून दुरुस्त करता येते.

'एकही निरीक्षण टाकू नये' हे तात्पर्यही अर्धवट आहे. सध्या काही शाळांत मुले हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजण्याचे छोटे संवेदक वापरतात. त्यात लेसरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते मोजले जाते. थंडीत दाट धुके पडले की कण पाणी धरून फुगतात, थेंबही मोजले जातात आणि आकडा भलताच चढतो. हा आकडा मुलांनी खोडला तर ते चूक; सरासरीत जसाच्या तसा घातला तर तेही चूक. आकडा ठेवावा, त्यावर खूण करावी, शेजारी आर्द्रता लिहावी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे केंद्र जवळ असेल तर त्याच्याशी ताडून पाहावा. तेथील अनेक उपकरणांत हवा आधी गरम करून ओलावा घालवतात. मात्र केंद्राचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे; दक्षिण ध्रुवाचे उदाहरण वर आलेच आहे. आमच्या पाहण्यातील प्रकल्पवह्यांत तारीख, वेळ आणि आकडा असे तीनच रकाने असतात. 'शेरा' हा चौथा रकाना आखलेला क्वचितच दिसतो, आणि दिसला तर तो कोरा असतो.