‘प्रेरणा’ आणि हातकारागीर : एका टीकासंज्ञेची तपासणी

हस्तव्यवसायांविषयी मराठीत जे परिचयपर लेखन होत असते, त्यात एक प्रश्न ठरलेला आहे : कारागिरास त्याच्या कामाची प्रेरणा कोठून मिळते? प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. परंतु तो मूळचा कवीस विचारावयाचा प्रश्न आहे, आणि तो तसाच्या तसा उचलून हातोडी चालविणाऱ्या माणसापुढे ठेवला की बहुधा त्यास उत्तर मिळत नाही. मग प्रश्नकर्ताच उत्तर पुरवितो. निसर्ग, परंपरा, देवळांवरील नक्षी, वाडवडिलांचा वारसा यांपैकी एखादा शब्द कारागिराच्या तोंडी घातला जातो आणि लेख पूर्ण होतो. ह्या लेखनाचा दोष माहितीच्या अभावात नसून संज्ञेच्या निवडीत आहे, असे मला वाटते. प्रस्तुत टिपणात त्या संज्ञेचीच तपासणी करावयाची आहे. उदाहरण मुख्यतः पुण्याच्या तांबट आळीचे घेतले आहे.

आरंभ नावांपासून करणे सोयीचे. कुंभार, लोहार, सोनार, चांभार, कासार ह्या शब्दांच्या मुळाशी कुंभकार, लोहकार, सुवर्णकार, चर्मकार, कांस्यकार हे शब्द आहेत, हे विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. ह्या सर्वांत ‘कार’ म्हणजे करणारा. तांबटाचे मात्र तसे नाही. त्याचा संबंध ‘ताम्रकुट्ट’ ह्या शब्दाशी जोडला जातो. म्हणजे तो तांब्याचे काही ‘करणारा’ नव्हे, तांबे कुटणारा. इतरांची ओळख पदार्थ आणि निर्मिती यांवरून ठरली, तर ह्याची क्रियेवरून. टुक् टुक् असा एकसुरी आवाज काढणाऱ्या पक्ष्यासही आपण तांबटच म्हणतो, ते ह्याच क्रियेच्या आवाजावरून.

याहून विचार करावयास लावणारा शब्द ‘शिंपी’ हा आहे. तो संस्कृतातील ‘शिल्पिन्’ पासून प्राकृतातील ‘सिप्पि’ ह्या रूपाने मराठीत आला. जो शब्द एके काळी कोणत्याही हातकसबाच्या माणसास लागत असे, तो मराठीत कपडे शिवणाऱ्यापुरता उरला. पुढे आधुनिक काळात मूर्तिकारासाठी भारदस्त शब्द हवा झाला तेव्हा आपण तोच शब्द संस्कृतातून पुन्हा, ‘शिल्पी’ म्हणून, उसना आणला. एकच शब्द आपल्याकडे दोनदा आला : एकदा चालत चालत, झिजत, पेठेत, आणि दुसऱ्यांदा थेट ग्रंथांतून, कलादालनात. दोघे सख्खे भाऊ आहेत याची दोघांनाही वार्ता नाही. कला आणि कारागिरी यांच्यातील ज्या भेदास आपण तात्त्विक समजतो, त्याचा निदान काही भाग अशा तद्भव-तत्समांच्या वाटणीतून निर्माण झालेला आहे. (‘कारागीर’ आणि ‘हुन्नर’ हे फारसी, ‘कसब’ अरबी. ह्यातला ‘कसब’ मुळात कमाई, अर्जन अशा अर्थाचा आहे. कसबा पेठेतील ‘कसबा’ हा निराळा अरबी शब्द. त्या पेठेत कसबी माणसे राहतात म्हणून तिचे ते नाव पडले, ही समजूत गोड असली तरी खरी नव्हे.)

आता ‘प्रेरणा’. हा शब्द ‘प्र’ आणि ‘ईर्’ पासून सिद्ध झाला असून पुढे ढकलणे, चालना देणे हा त्याचा मूळ अर्थ आहे. प्रेरणा म्हटली की प्रेरक आला, आणि प्रेरक हा कर्त्याहून वेगळा असावयाचा. हिंदी व्याकरणात प्रयोजक क्रियापदास ‘प्रेरणार्थक’ म्हणतात, ते अगदी यथार्थ आहे. मराठीतील प्रयोजक रूपे पाहिली तर कारागिराच्या कामातील प्रेरणेचा प्रश्न व्याकरणानेच किती नेमका मांडून ठेवला आहे ते दिसते. दागिना घडतो. सोनार तो घडवतो. गिऱ्हाईक तो घडवून घेते. (जुन्या भाषेत ‘घडणे’ सकर्मकही आढळते, येथे आजचा वापर घेतला आहे.) पहिल्या वाक्यात धातू कर्ता आहे, दुसऱ्यात कारागीर, तिसऱ्यात पैसे देणारा. एकाच वस्तूमागे तीन ठिकाणांहून चालना मिळते, आणि ‘प्रेरणा’ विषयीचा आपला प्रश्न ह्या तिन्हींकडे पाठ फिरवून कारागिराच्या अंतःकरणात चौथीच चालना शोधीत असतो.

तिसऱ्या वाक्यातील कर्ता विशेष प्रबळ. तो दुसऱ्यास वाक्यातून हुसकावूनच लावतो. पहिल्या बाजीरावाने 1730 ते 1732 या काळात शनिवारवाडा बांधला, असे आपण सर्रास लिहितो. ‘बांधविला’ असे लिहिणेही आता जुनाट वाटते. प्रयोजकाचा प्रत्यय गळाला आणि त्याबरोबर गवंडी, पाथरवट, सुतार हे सारे गळाले. घरोघरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर हीच गोष्ट अक्षरशः कोरलेली सापडते. लग्नामुंजीत दिलेल्या हंड्यावर किंवा परातीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते, कधी तारीखही असते. ते नाव देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे. भांडे ज्याने ठोकले त्याचे नाव त्यावर घालावे असे देणाऱ्यास, घेणाऱ्यास, आणि बहुधा ठोकणाऱ्यासही सुचत नाही.

आता पहिल्या वाक्याकडे, म्हणजे धातूकडे वळू. कारण तेथे टीकाकाराने शिकण्यासारखे सर्वाधिक आहे. कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी वसविली, असे सांगितले जाते. बंब, घंगाळ, हंडे, घागरी, तपेली ही तिची पूर्वापार निर्मिती. ह्या कामातील शेवटची आणि सर्वांत नाजूक पायरी ‘मठारणे’ ही होय. आकार घेतलेले भांडे लोखंडी आधारावर चढवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने त्याच्या सर्वांगावर शेजारी शेजारी ठोके द्यावयाचे. प्रत्येक ठोक्याचा एक उथळ, चकचकीत खळगा उमटतो, आणि ओळीवर ओळ अशी ती खळग्यांची वीण भांडेभर पसरते. एक हात हातोडी चालवितो, दुसरा भांडे फिरवितो. खळग्यांमधील अंतर जितके हातोडीवर, तितकेच ह्या फिरविणाऱ्या हातावर अवलंबून असते. बाहेरचा पाहणारा यास नक्षी समजतो. नक्षी ती आहेच. परंतु ती नक्षीसाठी केलेली नव्हे.

तांबे तापविले म्हणजे मऊ पडते, आणि ठोकले म्हणजे कठीण होते. मऊ पडलेल्या पत्र्याची घागर बोटाच्या दाबाने चेपेल. मठारल्याने तीच घागर ताठ होते, विहिरीच्या काठाचे धक्के सोसते. मात्र ठोकणे अती झाले तर धातू कडक होऊन तडकतो आणि पुन्हा तापवावा लागतो. म्हणजे किती ठोकावयाचे हे पत्र्याची जाडी, भांड्याचा आकार आणि आधीचा ताप यांवर ठरते, आणि ते कानास व मनगटास कळावे लागते. ठोका बरोबर बसला की नाही हे आवाजावरून समजते. अशा माणसास ‘ह्या खळग्यांची प्रेरणा कोणती’ असे विचारले तर ‘भांडे मठारावे लागते’ एवढेच उत्तर येणार. ते उत्तर अपुरे नाही. प्रश्नच चुकीच्या दारी गेलेला आहे.

पुढे परिस्थिती पालटली. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांनी विसाव्या शतकात स्वयंपाकघर व्यापले. नळ आले, वीज आणि गॅस आला, न्हाणीघरातील बंब गेला. घागर विहिरीवर जात नाहीशी झाली, तेव्हा तिला ताठ करण्याची निकडही कमी झाली. आता मठारलेले भांडे विकत घेणारा बहुतांशी ते खळगे पाहण्यासाठीच घेतो. जी खूण गरजेचा मागे उरलेला ठसा होती, तीच मागणीचा विषय झाली. ह्यात शोक करण्यासारखे काही आहे असे मी मानीत नाही. कारागिरास दाम मिळतो, हे थोडे नव्हे. परंतु टीकेच्या दृष्टीने येथे एक अडचण उभी राहते. खळगे जर पाहण्यासाठीच असतील, तर यंत्राने उमटविलेले खळगे आणि हाताने ठोकलेले खळगे यांत फरक कोणता? ‘हातात भावना असते’ ही सबब टिकणारी नाही. टिकणारे उत्तर एवढेच की, हाताचा प्रत्येक ठोका त्या विशिष्ट पत्र्यास दिलेले उत्तर असतो, आणि साच्याचे खळगे कोणासही उत्तर देत नाहीत. हा फरक डोळ्यास दिसतो : हाताच्या ओळी गळ्याशी दाटतात, पोटाशी सैलावतात, कारण भांड्याची गोलाई तसे करावयास लावते.

सौंदर्यशास्त्राने ह्या प्रश्नाची वाटणी फार लवकर करून टाकली. काण्टने 1790 मध्ये कलेस स्वतंत्र आणि कारागिरीस मोलाने केलेले काम ठरविले. कॉलिंगवुडने 1938 च्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे लक्षण असे केले की, कारागिरास काय करावयाचे ते आधी माहीत असते, आणि नंतर तो ते करतो. कलावंतास ते करता करता कळते. हे लक्षण मठारणाऱ्याच्या बाबतीत निम्मेच खरे आहे. घागर करावयाची हे त्यास ठाऊक असते. कोणता ठोका कोठे थांबवावयाचा हे त्यास पत्रा सांगतो. ज्यास कॉलिंगवुड कलेचे लक्षण म्हणतो तेच येथे मोलमजुरीच्या कामात, तेही अगदी मध्यभागी, बसलेले आहे. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार माध्यमाच्या लयबद्ध संघटनेच्या आधाराने केला. संवाद, विरोध, समतोल ह्या त्यांच्या कल्पना मठारलेल्या भांड्यास काण्टपेक्षा बऱ्याच अधिक लागू पडतात. तथापि त्यांचेही लक्ष घडलेल्या संघटनेकडे अधिक आहे, धातूच्या हट्टाकडे कमी. कुमारस्वामींच्या 1909 च्या भारतीय कारागिरांवरील पुस्तकाविषयी थोडक्यात एवढेच म्हणतो की, तेथे कारागिराच्या श्रद्धेस जितकी जागा मिळाली तितकी त्याच्या गिऱ्हाइकाच्या थकबाकीस मिळाली नाही.

प्रयोजक बदलला म्हणजे कर्ताही बदलतो, याचे ठळक उदाहरण वारली चित्रांचे आहे. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर काढण्याचे काम परंपरेने सुवासिनींचे. 1970 नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर आली, शहरात आली, आणि जिव्या सोमा मशे (1934–2018) ह्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. 2011 मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. परंतु विधीने काढावयास लावलेले चित्र स्त्रियांचे होते आणि निनावी होते, कागदाने काढावयास लावलेले चित्र पुरुषाचे झाले आणि सहीचे झाले, ही गोष्ट ‘प्रेरणा’ ह्या शब्दात कोठेच मावत नाही.

पुण्यातच शुक्रवार पेठेत दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) ह्यांनी जन्मभर जमविलेला संग्रह आहे. दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्ये अशा नित्याच्या वापरातील वस्तूंचा एवढा साक्षेपी संग्रह विरळा. 1975 मध्ये त्यांनी तो शासनाच्या स्वाधीन केला. संग्रहालयास नाव आहे ते अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे. केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहीत. बहुतेक वस्तूंच्या कर्त्यांची नावे उपलब्ध नाहीत, तेव्हा खरे अज्ञातवासी तेथे कपाटांत आहेत. अडकित्त्यांचे दालन विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावे. सुपारी कातरण्याची दोन पाती आणि एक खीळ एवढेच ज्याचे काम, त्याच्या मुठींस घोडे, पोपट, स्त्रीपुरुष अशी रूपे दिलेली दिसतात. ज्या भागाचे काम ठरलेले आहे तेथे, म्हणजे पात्यांत, फेरफार नाही. जेथे कामाने मोकळीक दिली तेथे, म्हणजे मुठीत, हात सुटलेला आहे. कारागिराच्या स्वातंत्र्याचा नकाशा काढावयाचा तर तो अशा जागांवरून काढावा लागेल.

व्यवसायशब्दांचा संग्रह करण्यासाठी विद्यार्थी पेठांत जातात व शब्दांच्या याद्या आणतात. याद्या उपयुक्त आहेत. परंतु ‘मठारणे’ ह्या शब्दापुढे ‘ठोकून नक्षी करणे’ असा अर्थ लिहिला म्हणजे शब्द मिळतो आणि ज्ञान निसटते. कोशात गेलेला असा शब्द पुढे कोणासही सांगणार नाही की घागर का चेपत नाही. आणि सांगू शकणारी माणसे दर पिढीस कमी होत आहेत.

संतवाङ्मयाच्या अभ्यासातही हीच निसटण उलट्या बाजूने झाली आहे. नरहरी सोनारांच्या नावावरील प्रसिद्ध अभंगात सोनाराची शेगडी, मूस, फुंकणी, ताजवा हे सारे येते, आणि आपण ते रूपक म्हणून शिकवितो : देह म्हणजे शेगडी, अंतरात्मा म्हणजे सोने. रूपक ते आहेच. पण त्यातील हत्यारांचा क्रम कामाचा क्रम आहे, आणि तो बाहेरच्या माणसास सुचणारा नाही. तेरच्या गोरा कुंभारांची आख्यायिका आणखी बोलकी आहे. संतमेळ्यात कोण पक्का कोण कच्चा हे ठरविण्यास त्यांनी थापटणे हाती घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेव कच्चे मडके ठरले. भाविकाने ही कथा नामदेवांच्या गुरुशोधाची म्हणून ऐकावी. मला ती परीक्षेच्या एका पद्धतीची कथा वाटते. भट्टीतून निघालेले मडके कसे वाजते यावरून त्याचे भाजणे ओळखणाऱ्या कानावर विठ्ठलाच्या मंडळीनेही विश्वास टाकला, आणि तो कान पंडिताचा नव्हता.

ह्या मंडळींच्या अभंगांच्या अखेरीस जी नाममुद्रा येते तिच्यात नावाबरोबर बहुधा व्यवसायही असतो : सोनार, कुंभार, माळी. नरहरींच्या हातच्या दागिन्यावर त्यांचे नाव असण्याचा संभव नाही, गोरोबांच्या मडक्यावर तर नाहीच. ते अभंगावर आहे, आणि तेथे ते कोणा घडवून घेणाऱ्याचे नाही.