हौद्यातल्या दोन स्टेपन्या

15 ऑगस्ट 2025 रोजी महिंद्रानं मुंबईत चार कन्सेप्ट गाड्या दाखवल्या: व्हिजन एस, टी, एक्स आणि एसएक्सटी. बीडमध्ये आम्ही त्या मोबाइलवरच पाहिल्या. यातली एसएक्सटी म्हणजे पिकअप. तिच्या हौद्यात दोन स्टेपन्या बसवल्या आहेत. दिसायला झकास. पण आमच्याकडं पिकअपचा हौदा म्हणजे कांद्याच्या गोण्या, कापूस, शेळ्या. दोन टायर आधीच बसल्यावर माल कुठं भरायचा?

हा प्रश्न चेष्टेचा नाही. कन्सेप्ट गाडी विकायला नसते, ती आपला अंदाज घ्यायला असते. म्हणून ती पाहताना मी दोनच गोष्टी शोधतो: यातलं काय उरेल आणि काय गळेल?

टाटांचा अलीकडचा इतिहास इथं कामाला येतो. 2018 च्या ऑटो एक्स्पोतली एच5एक्स 2019 मध्ये हॅरियर झाली आणि 45एक्स 2020 मध्ये अल्ट्रोज. 2019 ची एच2एक्स पुढच्या वर्षी एचबीएक्स म्हणून आली आणि 2021 मध्ये पंच म्हणून रस्त्यावर उतरली. वर बारीक दिवे, खाली बंपरात हेडलाइट हा चेहरा हॅरियर आणि पंचमध्ये जवळजवळ तसाच उतरला. भलीमोठी चाकं मात्र गळाली. म्हणजे चेहऱ्याबाबत कन्सेप्टवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

कल्पनेचं तसं नाही. 2011 मध्ये जिनिव्हात टाटांनी पिक्सेल दाखवली होती. ती नॅनोच्या घराण्यातली चिमुकली गाडी. वळताना मागचं बाहेरचं चाक पुढं आणि आतलं चाक उलटं फिरायचं, त्यामुळं गाडी जवळपास जागच्या जागी वळायची. आठवडी बाजाराच्या गर्दीत गाडी वळवलेल्या माणसाला याची किंमत सांगायला नको. ती बाजारात आलीच नाही. माझा आक्षेप इथं आहे: कन्सेप्टमधला चेहरा जगतो, आणि जी कल्पना खरंच काही बदलू शकली असती ती बहुतेकदा स्टेजवरच राहते.

आणि जे खरंच उपयोगी असतं, ते रीलमध्ये मिरवत नाही. अल्ट्रोज आणि पंचची दारं 90 अंशांत उघडतात. नऊवारी नेसलेल्या, गुडघे धरलेल्या आजीला गाडीत बसवताना ते दार कुठल्याही दिव्यापेक्षा मोठं डिझाइन वाटतं.

बीड शहरात प्रवासी रेल्वे सुरू झाली ती 17 सप्टेंबर 2025 ला, म्हणजे त्या चार गाड्यांनंतर महिन्याभरानं. तोवर दवाखाना, लग्न, कॉलेज, सगळं एसटीच्या नाहीतर जीपच्या भरवशावर. दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यांकडं निघतात. इथं कितीतरी घरांत गाडी हौसेला घेतलेली नसते. हप्ता तिनंच फेडायचा असतो आणि घरही तिनंच चालवायचं असतं.

व्हिजन एसकडं या नजरेनं बघा. उभं नाक, टपावर दिवे, बाजूला जेरीकॅन. खडबडीतपणाची ही भाषा कुठून आली? जिथं पंप लांब, रस्ता खराब आणि मेकॅनिक त्याहून लांब, तिथून. आमची गरज तिथं पोशाख झाली आहे. शहरातल्या मॉलच्या पार्किंगमध्ये तो पोशाख रुबाबदार दिसेलही. पण 2000 पासून बोलेरो गावोगाव टिकली ती रुबाबावर नाही. मागं आडव्या सीटवर माणसं बसवता येतात आणि गावातला मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो, म्हणून टिकली.

व्हिजनमधल्या गाड्या ज्या नव्या प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत, त्याची वाहनं 2027 पासून येतील असं कंपनी सांगते. माझा अंदाज असा: उभं नाक राहील, दिवे राहतील. जेरीकॅन जाईल, नाहीतर ॲक्सेसरीच्या यादीत वेगळ्या किमतीला दिसेल. हौद्यातल्या स्टेपन्याही जातील, आणि त्यांच्या जाण्याचं मला दुःख नाही.

माझे प्रश्न वेगळे आहेत. मागच्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे मावतील का? टपावर कॅरिअर बसेल का? तो बारीक दिवा फुटला तर पाटोद्यात मिळेल का, आणि केवढ्याला? याची उत्तरं स्टेजवरच्या झगमगाटात दिसत नाहीत. म्हणून पुढची कन्सेप्ट स्क्रीनवर आली की थांबवून बघा: त्या चित्रात मागच्या सीटवर कुणी बसलंय का?