पाहुण्याने लिहिलेले गाव

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना आपण बहुधा दोन गोष्टी तपासून पाहतो : लेखकाने पाहिले किती, आणि ते सांगितले कसे. परंतु या दोहोंच्या आधी तिसरा एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्यांचे जीवन तो वर्णितो, त्यांच्या घरात तो कोणत्या नात्याने शिरला होता ? अधिकारी, संशोधक, धर्मोपदेशक आणि हौशी प्रवासी एकाच उंबरठ्यावरून आत जातात. पण चौघांना दिसणारे घर एक नसते. टोगो देशातील लेखक तेते-मिशेल क्पोमासी यांचा ग्रीनलंडविषयक ग्रंथ वाचताना या प्रश्नाचे महत्त्व विशेषेकरून ध्यानात येते.

मूळ फ्रेंच ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कर्कप यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे तो आपल्या वाचकांच्या आटोक्यात आला. त्यामागील हकीकत एखाद्या अद्भुत कथेत शोभावी अशी आहे. १९४१ मध्ये जन्मलेले क्पोमासी लहानपणी नारळाच्या झाडावर चढले असता सापाला भिऊन खाली पडले. अजगराची उपासना करणाऱ्या एका पंथाच्या पुजारिणीने त्यांना बरे केले, आणि त्या उपकाराच्या मोबदल्यात मुलगा त्या पंथास वाहावयाचा असे ठरले. त्याच सुमारास लोमे शहरातील पुस्तकांच्या दुकानात, ज्यांना तेव्हा एस्किमो म्हणत त्या इनुइट लोकांवरील एक फ्रेंच पुस्तक त्यांच्या हाती लागले. जेथे झाड नाही आणि सापही नाही असा देश पृथ्वीवर आहे, एवढे कळणे त्या मुलाला पुरेसे होते. तो घरातून पळाला. पश्चिम आफ्रिका आणि युरोप यांतून मिळेल ते काम करीत सुमारे आठ वर्षे हिंडला. आणि १९६५ च्या उन्हाळ्यात ग्रीनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला.

त्याच्यापाशी हुद्दा नव्हता, शिफारसपत्राचे वजन नव्हते, फारसा पैसाही नव्हता. जो आश्रय देईल त्याच्या घरी राहावयाचे आणि पुढे सरकावयाचे, हा त्याचा क्रम. या परावलंबनातच ग्रंथाचे सामर्थ्य आहे. यजमानाच्या ताटातले खाणारा माणूस त्या ताटाचे वर्णन दुरून करू शकत नाही. सीलची कच्ची चरबी आणि देवमाशाची कातडी प्रथम घशाखाली उतरेना. पण पाहुण्याने नाही म्हणावयाचे नसते, हा धडा तो आफ्रिकेतूनच शिकून आला होता.

ग्रंथाचा सर्वोत्तम भाग उत्तरेचा आहे, विशेषतः उपेर्नाविकचा. बाहात्तराव्या अक्षांशापलीकडील एका बेटावर वसलेले हे गाव. त्याच्या नावाचा अर्थ वसंतऋतूची जागा असा होतो, आणि तेथे हिवाळ्यात दोन महिन्यांहून अधिक काळ सूर्य उगवत नाही. मात्र क्पोमासींनी या अंधाराचे काव्य केलेले नाही. काळोखात घर कसे चालते, हे त्यांनी सांगितले आहे. शिकार आणून टाकावयाची ती जमिनीवर, आणि सर्वांनी भोवती बसून सुरीने कापून खावयाची. घराबाहेर बांधलेल्या कुत्र्यांच्या पोटाची विवंचना माणसांच्या पोटाइतकीच मोठी. शौचाची बादली घरातच, आणि ती नेऊन ओतण्याचे काम कोणास तरी करावेच लागते. असे तपशील सभ्य लेखक गाळतो. क्पोमासी ते तिरस्काराने सांगत नाहीत, वा चवीनेही सांगत नाहीत. तेथील त्यांचा वृद्ध यजमान मातीगवताच्या घरात राहतो, आणि आतल्या भिंतींवर त्याने छापील नियतकालिकांची पाने चिकटविली आहेत. जगाच्या टोकावरील या माणसाचे हे ग्रंथालय होय. या एका चित्राने त्या वस्तीविषयीच्या आपल्या कल्पना जितक्या दुरुस्त होतात, तितक्या पानभर आकडेवारीनेही झाल्या नसत्या.

या ग्रंथास प्रस्तावना लिहिणारे झां मालोरी यांनी स्वतः ग्रीनलंडच्या अतिउत्तरेस राहून मोठे शास्त्रीय काम केले होते. पण त्यांच्यासारख्या युरोपीय अभ्यासकाला जे सहजी साधणारे नव्हते, ते येथे साधले आहे. क्पोमासींच्या हातातील मोजपट्टी युरोपची नाही. मृतांचे आत्मे, नावाबरोबर संक्रमित होणारे जीवन, मुलांना वाढविण्याची रीत, या प्रत्येक ठिकाणी ते ग्रीनलंड शेजारी टोगो ठेवतात. त्यामुळे रानटी विरुद्ध सुधारलेले ही जुनी जोडी आपोआप गळून पडते, आणि दोन घरे समोरासमोर उरतात.

तथापि एक दोष दाखविलाच पाहिजे. दक्षिणेतील गावांविषयी लेखकाचा सूर निराशेचा आहे. तेथे स्लेज ओढणारे कुत्रे नाहीत, मेंढ्या आहेत. दुकाने आहेत, डॅनिश पद्धतीची घरे आहेत, आणि दारूही पुष्कळ आहे. दारूची दुर्दशा खरी. तिचे वर्णनही प्रामाणिक. पण पुस्तकात पाहिलेले ग्रीनलंड येथे सापडत नाही म्हणून लेखक ज्या घाईने उत्तरेकडे वळतो, ती घाई न्याय्य नाही. १९५३ मध्ये ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्याचा भाग झाले आणि त्यानंतरच्या काळात राज्यकर्त्यांनी लोकांना विखुरलेल्या वस्त्यांतून मोठ्या गावांकडे वळविले. त्या उलथापालथीत जगणाऱ्या माणसांचा दिनक्रम सीलच्या शिकाऱ्याइतकाच खरा होता. ज्या पुस्तकाने या लेखकाला घराबाहेर काढले, त्याच पुस्तकाने येथे त्याची दृष्टी अडविली.

हा दोष आपण विशेष सहानुभूतीने समजू शकू. पुण्यामुंबईचा पाहुणा इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरी उतरतो, तेव्हा त्याला पेशवाईतील मराठी जशीच्या तशी ऐकावयाची असते. घरातील मुले हिंदी, गुजराती वा तेलुगू शब्द मिसळून बोलू लागली, की त्याचा चेहरा उतरतो. जे घर समोर आहे ते त्याला दिसत नाही, आणि जे शोधतो ते कधीच तसे नव्हते. याउलट वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते दक्षिणेच्या आशेने. त्यांच्या मनात उत्तर हिंदुस्थानचे कोणतेही चित्र पुरे करावयाचे नव्हते; म्हणूनच त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीचे हळदीकुंकू आणि झाशीचा संहार दोन्ही सारख्याच स्वच्छपणे उतरले.

क्पोमासींचा ग्रंथ त्याच्या उत्तम भागात या परंपरेच्या जवळचा आहे. वर्गात प्रवासवर्णन शिकविणाऱ्या शिक्षकाने त्यातील उपेर्नाविकची पाने अवश्य वाचावीत, आणि विद्यार्थ्यांस सहलीवर निबंध सांगण्याऐवजी एकदा असे सांगून पाहावे : ज्या घरी पाहुणा म्हणून राहिलात, त्या घरचे पाणी कोण भरते, ते लिहा.